शोधसख्याचा पाळणा

ठकूच्या कानात एक आवाज राहायला होता. फार जुना, तिला धड बोलताही येत नव्हतं तेव्हापासूनचा. पाळण्याची कडी कुरकुरायची आणि त्या कुरकुरीवर पाऊल ठेवत ठेवत आईचा आवाज यायचा:

निजली गं वाट, निजलं कवाड,
निजला चांदोबा डोंगराआड,
निजला भिंतीचा चौथा कोन,
एकच जागं घरात कोण?

एवढं ऐकू यायचं आणि पुढं काहीच ऐकू यायचं नाही. अर्थात, ठकू झोपलेली असणार. घरात जागं कोण, हा प्रश्न मात्र तिच्या मनात लोंबकळत राहिला. लोंबकळणाऱ्या प्रश्नांची सोय लावण्यासाठी ज्या संस्था असतात, त्यांतल्या एकीत ती मोठेपणी संशोधक म्हणून दाखल झाली. प्रबंधाचा विषय होता, पाळण्याची शेवटची ओळ. तिचं म्हणणं असं, की ज्याचा श्रोता शेवटाआधी झोपला तरच कवीला आनंद होतो, असा पाळणा हा एकमेव काव्यप्रकार आहे. इतर काव्यप्रकारांतही श्रोते झोपतात, पण तिथं कवीला वाईट वाटतं.

प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता. 'मातेचे जागरण' हे प्रकरण तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणील असं उतरलं होतं. पहिल्या पानावर 'माझ्यासाठी रात्र रात्र जागलेल्या आईस' अशी अर्पणपत्रिकाही होती. अडलं होतं ते एका ओळीवर. आईला विचारलं, की आई म्हणायची, "आता कुठलं आठवायला, बाई!" आणि लगबगीनं उठून धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घ्यायची.

मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, "ती ओळ नाही, तर प्रबंध नाही. शेवटच्या ओळीवरच्या प्रबंधात शेवटची ओळ नसणं बरं दिसत नाही. वर्षअखेरीला नोंदणी रद्द होईल, मग मला सांगू नका."

नेमका त्याच सुमारास संस्थेत शोधसखा आला.

शोधसखा ही संगणकावरची व्यवस्था होती. जगात रोज इतके शोधनिबंध छापले जातात, की ते वाचायला माणसंच उरलेली नाहीत. सगळी लिहिण्यात गुंतलेली असतात. तेव्हा कुणाला काय वाचायला आवडेल हे शोधसख्यानं ओळखायचं आणि रोज सकाळी सुचवायचं, असं ठरलं. परिपत्रकात म्हटलं होतं: 'काय शोधावे हे संशोधकावर सोडल्यास संशोधक शोधत बसतो, असे निदर्शनास आले आहे. सबब यापुढे ही जबाबदारी शोधसख्याकडे राहील. संशोधकांनी सापडलेल्या गोष्टींवर लक्ष केंद्रित करावे.'

नाव नोंदवताना सख्यानं एकच गोष्ट विचारली. 'आपला विषय एका शब्दात लिहा. एकाहून अधिक शब्द लिहिल्यास आपली आवड संदिग्ध समजली जाईल.'

ठकूनं लिहिलं, पाळणा. 'अंगाई' लिहावं की काय, असं क्षणभर मनात आलं. पण आई पाळणाच म्हणायची. 'पाळणा म्हणते, झोप आता,' असं. आईचा शब्द म्हणजे आईचा शब्द.

दुसऱ्या दिवशी सकाळी सख्याचा पहिला निरोप आला. त्यात तीन निबंध होते. 'आकाशपाळण्याच्या आसाला कोणते वंगण मानवते?', 'पाळणाघरात मुलांना निजवताना सांभाळणाऱ्यांनाच लागणारी झोप' आणि 'पाळणा लांबवण्याचे उपाय: नवविवाहितांच्या मुलाखती'.

ठकू इतकी हसली, की खुर्चीवरून पडायचीच बाकी राहिली. तिच्या शेजारच्या टेबलावर कररचनेचा अभ्यास करणारा एक संशोधक बसायचा. त्याला सगळे करवालाच म्हणायचे. तो काही हसला नाही.

"तुझं बरंय," तो म्हणाला. "मी 'कर' असं लिहिलं. सखा कालपासून विचारतोय, काय करू?"

"मग सांग की काहीतरी."

"सांगितलं, काही करू नकोस. तर त्यानं माझा विषय 'आळस' म्हणून नोंदवला. निबंध मात्र एक से एक पाठवतोय हं. वाचायचाच कंटाळा येतोय."

ठकूनं गंमत म्हणून वंगणाचा निबंध उघडला, आणि त्याच वेळी खुर्च्यांची मोजणी करणारी माणसं आली. ज्या खुर्चीवर माणूस बसलेला आहे ती खुर्ची रिकामी आहे की भरलेली, हे ठरवता येत नसल्यामुळे सगळ्या संशोधकांना व्हरांड्यात उभं करण्यात आलं. मोजणी लांबली. परत येऊन बघते तर पडद्यावर निबंधाचं तेच पान उघडं, आणि खाली ओळ: 'हा निबंध आपण दुपारभर एकटक वाचलात. आपली आवड निश्चित झाली आहे. अभिनंदन!'

दुसऱ्या दिवशी सगळे निबंध आकाशपाळण्याचे. ठकूनं 'नको' वर बोट ठेवलं. सख्यानं अदबीनं कारण विचारलं आणि निवडीसाठी तीन उत्तरं पुढं केली: आधीच वाचला आहे, फार सोपा आहे, मीच लिहिला आहे. 'हा माझा विषय नाही' असं उत्तर कुठं नव्हतं. आपल्या सख्याबद्दल कुणी असं म्हणेल, हे सख्याच्या मनालाही शिवलं नसावं. ठकूनं त्यातल्या त्यात खरं म्हणून 'फार सोपा आहे' निवडलं.

त्या दिवसापासून कठीण निबंध यायला लागले.

घरीही निरोपांची टिंगटिंग सुरू झाली. सकाळी चहाच्या वेळी ठकूचा फोन वाजला, की आईचे कान टवकारायचे.

"कोण गं?"

"सखा आहे."

आईनं कप खाली ठेवला. "सखा? रोज सकाळी?"

"रोज. मला काय आवडतं ते त्याला माझ्याआधी कळतं म्हणे."

"अगंबाई!" आईच्या तोंडावर लाली आली. "मग घरी तरी आण की त्याला. करतो काय तो?"

"नुसतं सुचवतो."

"म्हणजे कामधंदा नाही," आई म्हणाली आणि सुस्कारा टाकून तिनं दुसरा कप भरला. "असू दे. स्वभावानं बरा असला म्हणजे झालं."

"आई, ते जाऊ दे. 'एकच जागं घरात कोण', त्याच्या पुढं काय होतं गं?"

"ही काय, दुधाला उतू जायची घाई झालीय," असं म्हणत आई स्वयंपाकघरात पळाली. गॅस बंद होता.

शेवटी ठकू अभिरुची कक्षात गेली. संशोधकांच्या आवडीनिवडींचं नियमन करण्यासाठी संस्थेनं हा कक्ष उघडला होता. तिथं अभिरुची अधिकारी बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर कसलीच आवड दिसत नव्हती. नेमणुकीची अटच तशी होती.

"साहेब, माझ्याकडून शब्द चुकला. 'पाळणा'ऐवजी 'अंगाई' करून द्या."

"शब्द तुम्हीच दिला होता ना?"

"हो, पण—"

"दिलेला शब्द मागं घेता येत नाही, बाई. व्यवस्था विश्वासावर चालते."

"अहो, पण मला आकाशपाळण्यात काडीचा रस नाही!"

अधिकाऱ्यांनी पडद्याकडे पाहिलं. "नोंदी तर वेगळं सांगतात. एकटक वाचन, दुपारभर. सोप्या निबंधांचा तिटकारा. आता तुम्हाला रस नाही हे कोण सांगतंय? तुम्हीच. आणि तुमच्या आवडीबद्दल तुमचं मत कसं ग्राह्य धरायचं? तुम्ही तर संबंधित व्यक्ती आहात."

"मग मी करू काय?"

"हे पाहा, सखा फक्त छापलेलं मानतो. तुम्हाला आकाशपाळण्यात रस नाही, असा एक शोधनिबंध प्रसिद्ध करा. सखा तो वाचेल. त्याला पटलं तर तो विचार करेल."

ठकूनं जीव तोडून निबंध लिहिला. नाव दिलं, 'आकाशपाळणा हा माझा विषय नाही'. आकाशपाळण्याशी आपला संबंध कसा नाही, हे कुणालाही कळावं म्हणून आस, वंगण, लोंबते डबे, वाऱ्याचा दाब यांतल्या एकेकाचं नाव घेऊन तिनं त्याच्याशी नातं तोडलं. निबंध छापून आला. सख्यानं तो वाचला. एवढ्या थोड्या जागेत आकाशपाळण्याचा इतक्या वेळा उल्लेख त्यानं आजवर कुठंच पाहिला नव्हता. तो हरखून गेला आणि त्यानं तो निबंध जगातल्या यच्चयावत आकाशपाळणा-अभ्यासकांना सुचवला.

अभ्यासकांपुढं नवाच पेच पडला. आजवर या क्षेत्रात सगळ्यांचं सगळ्यांशी पटत होतं, त्यामुळे वाद घालायला कुणी नव्हतं. आता प्रत्येकानं आपल्या निबंधात लिहायला सुरुवात केली: 'याउलट भूमिकेसाठी पाहा:' आणि पुढं ठकूचं नाव. उलट भूमिका म्हणून ती इतक्यांदा उद्धृत झाली, की वर्ष सरायच्या आत तिचं स्थान त्या क्षेत्रात सर्वोच्च झालं. दूरदूरहून पत्रं यायला लागली. एका वृद्ध अभ्यासकानं लिहिलं, 'आपण जे नाकारता, ते इतक्या बारकाईनं आजवर कुणी नाकारलेलं नाही.' एक सकाळ तर अशी उगवली, की सख्यानं ठकूलाच ठकूचा निबंध सुचवला: 'आपल्याला हे आवडेल.' तिनं चिडून 'मीच लिहिला आहे' हे उत्तर निवडलं. सख्यानं टाळ्या वाजवणारे छोटे हात पाठवले.

मार्गदर्शक सरांनी तिला बोलावलं. सर आता सख्यानं सुचवलेलंच वाचत होते, आणि सख्यानं त्यांना ठकू सुचवली होती. गेली कित्येक वर्षं ती त्यांच्या दारात उभी राहायची, तेव्हा ते मान वर करत नसत. आज उठून उभे राहिले.

"या, या! पाळण्यावरचं तुमचं काम अप्रतिम आहे हो."

"सर, तुम्ही प्रबंध वाचलात?" ठकूनं खुर्ची पुढं ओढली.

"चाळला. एकच सूचना आहे. गाणी फार आहेत आणि वंगण फार कमी." सरांनी प्रेमानं तिच्याकडे पाहिलं. "हे आईचं, जागरणाचं प्रकरण कशाला? आपला प्रांत सोडून असं भरकटू नये."

"सर, तोच माझा प्रांत आहे. तुम्हीच मंजूर केला होता."

"तेव्हा आपल्याकडे सोयी नव्हत्या," सर हळहळले. "आपण अंदाजानंच आवडीचे विषय घ्यायचो. आता बघा, शहराच्या करमणूक विभागानं नवा आकाशपाळणा उभारलाय. उद्घाटनाला प्रमुख पाहुण्या कोण असाव्यात हे त्यांनी सख्याला विचारलं. तुम्ही पहिल्या डब्यात बसायचं. बसलात, की तुमच्या गाण्यांच्या प्रबंधाला मी मुदतवाढ देतो. नाही बसलात, तर नावडत्या विषयात लक्ष घातल्याबद्दल नोंदणी रद्द करावी लागेल. कक्षाचा दबाव आहे."

ठकू बसायला तयार झाली. प्रबंधासाठी माणूस काय काय करत नाही!

"मीही येते," आई म्हणाली. तिनं ठेवणीतली साडी काढली. "इतक्या मोठ्या समारंभाला सखा येणार नाही असं कसं होईल?"

ऊन लख्ख पडलं होतं. मैदानाच्या मधोमध तो आकाशपाळणा उभा होता, रंगीत डब्यांचा, एखाद्या राक्षसिणीच्या कानातल्या डुलासारखा. फीत कापली. टाळ्या झाल्या. पहिल्या डब्यात ठकू आणि आई बसल्या, मागच्या डब्यांत करमणूक विभागाची माणसं, त्यांची बायकामुलं, करवाला ("काही करायचं नसेल तर येतो," म्हणून आलेला) आणि मार्गदर्शक सर. अभिरुची अधिकारी खालीच थांबले. त्यांना आकाशपाळणा आवडेल की नाही, हे अजून ठरलं नव्हतं.

चाक फिरलं. मैदान खाली गेलं, झाडं खाली गेली, छपरं खाली गेली. आई लहान मुलीसारखी हसली. ठकूचा डबा अगदी टोकाला पोचला आणि कर्रर्र करून सगळं जागच्या जागी थांबलं.

डबे झोके घेऊ लागले. मागून आरडाओरडा सुरू झाला. सगळ्यांत वरचा आवाज मार्गदर्शक सरांचा होता.

खाली पाळण्याचा अभियंता यंत्राच्या कप्प्याचं दार उघडून आत बघत होता, परक्याच्या घरात डोकावावं तसा. मग त्यानं ध्वनिवर्धक हातात घेतला.

"बाई!" त्याचा आवाज मैदानभर घुमला. "आत कायकाय गरगरतंय, मला काही कळत नाहीये! आमच्या खात्यातही शोधसखा बसवलाय. मीही एका शब्दात 'पाळणा'च लिहिलं होतं!"

ठकू डब्याच्या कठड्यावरून वाकली. "मग?"

"मला गाणीच येतात हो! जोजवायची, थोपटायची, रडक्या बाळाची, आजारी बाळाची. वंगणाचा एक निबंध येईल तर शपथ! सुरुवातीला तक्रार केली. मग गोडी लागली." अभियंत्यानं कप्प्याचं दार लावून टाकलं. "बाई, तुम्हाला वंगणातलं सगळं माहीत आहे म्हणे. तुम्हीच सांगा काय करू?"

करवाल्याच्या डब्यातून मोठ्यांदा हसू ऐकू आलं.

ठकूनं डोळे मिटले, आणि काय नवल! तिला खरंच माहीत होतं. नको नको म्हणत वाचलेलं सगळं तिच्या आत जाऊन बसलं होतं.

"आस तापलाय," ती ओरडली. "तो आपला आपण निवला, की मोकळा होतो. तोवर डबे हलता कामा नयेत. वर बसलेल्यांना शांत करा!"

"ते कसं करू?"

"अहो, तुम्हाला येतं ना ते करा! पाळणा म्हणा!"

अभियंत्यानं घसा खाकरला. बाप्या माणूस, भर दुपारी, भर मैदानात, प्रमुख पाहुण्यांच्या आज्ञेनं गाऊ लागला. त्याला पुष्कळ पाळणे येत होते. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. ओरडणारे गप्प झाले. गप्प झालेले पेंगू लागले. मार्गदर्शक सरांचं डोकं करवाल्याच्या खांद्यावर पडलं, आणि खाली अभिरुची अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी आवडल्यासारखं दिसलं. डबे मंद मंद डुलत होते. आणि मग ध्वनिवर्धकातून आलं:

निजली गं वाट, निजलं कवाड…

ठकू ताठ झाली. "अहो! हाच! याची शेवटची ओळ?"

"ती नाही हो!" अभियंता खालून ओरडला. "तिथवर आलं, की सखा म्हणतो, पुढे वाचण्यासाठी सभासद व्हा!"

आणि पुन्हा गाऊ लागला. चांदोबा डोंगराआड गेला. आई ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर म्हणत होती. तिचा हात ठकूच्या गुडघ्यावर थोपटत होता, जुनाच ताल, कडीच्या कुरकुरीचा. चौथा कोन निजला. थोपटणं संथ झालं.

"एकच जागं," आई पुटपुटली, "घरात को…"

आणि आवाज थांबला. अगदी तिथंच, जिथं तो ठकूच्या कानात नेहमी थांबायचा. आईचा हात थबकला होता, मान तिच्या खांद्यावर कलली होती आणि तोंड किंचित उघडं होतं. ठकू तर टक्क जागी होती.

ती किती तरी वेळ आईच्या तोंडाकडे बघत राहिली. सख्यानं पहिल्याच सकाळी पाठवलेला पाळणाघराचा निबंध तिला आठवला, सांभाळणाऱ्यांच्या झोपेचा. एकदाच त्यानं बरोबर सुचवलं होतं, आणि तेव्हा ती हसत होती.

आई दचकून जागी झाली. ठकूचा चेहरा बघताच तिला सगळं कळलं. भांडी धुवायला जावं, तर तिथून जायला वाट नव्हती.

"रागावू नकोस, ठकू," ती पदराशी चाळा करत म्हणाली. "पुढची ओळ नाहीच. कधी नव्हतीच. दिवसभर उभ्यानं काम करून आलेली मी. 'कोण' म्हणेपर्यंत माझीच मान पडायची. आवाज थांबायचा, म्हणून तुला वाटतं, तू झोपायचीस. तू मात्र एवढं छान लिहिलंस, आई रात्र रात्र जागली. सगळ्यांत पुढच्या पानावर. मग मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"म्हणजे घरात जागं कोण, तर मीच?"

"तूच गं. पाळण्यात पाय नाचवत. सकाळी उठून बघावं, तर तू आपली छताकडे बघत हसत असायचीस."

ठकूला हसू फुटलं. आईलाही. डबा त्या हसण्यानं हलायला लागला, तशा दोघी एकमेकींचं तोंड दाबत हसल्या. खाली काहीतरी सुटल्यासारखा आवाज आला आणि चाक हळूच पुढं सरकलं.

तेवढ्यात ठकूच्या हातात फोन उजळला. सख्याचा निरोप होता: 'इथपर्यंत आलात, तर आपल्याला हेही आवडेल.' तिचा अंगठा आपसूक खाली सरकला.

"आवडेल, आवडेल," आई फोनमध्ये डोकावून म्हणाली. "आजवर बोलले नाही, आता सांगून टाकते. पाळणा शेवटपर्यंत ऐकायचाच नसतो. मधेच डोळा लागला, की तो पुरा होतो. शेवटाला काय आहे म्हणून डोळे ताणून बसलेल्या माणसासाठी तिथं काही ठेवलेलं नसतं, बाळा. बघ, सगळं मैदान निजलं, आणि तू अजून जागीच. ठेव बघू आता ते हातातलं खाली."